तिन्हीसांजेचं वाक्य

आमच्या घरात काही क्रियापदांना बंदी होती. बाहेर निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणायची. डब्यातलं मीठ संपलं तर 'मीठ आणायचंय' एवढंच बोलायचं. दिवा विझवायचा नाही, त्याला निरोप द्यायचा. हा सगळा कायदा माझ्या आत्याचा. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, अकोले तालुक्यातल्या डोंगरात दिलेली आणि एकटी पडल्यावर आमच्याकडे संगमनेरला येऊन राहिलेली. तिन्हीसांजेला ती देवापाशी निरांजन लावायची, आणि त्या अर्ध्या तासात घरात कोणी वावगं बोललं तर तिचा हात थेट पाठीत बसायचा. "वास्तू तथास्तु म्हनती," हे तिचं ठरलेलं वाक्य. घराच्या भिंती ऐकत असतात, ऐकलेल्या शब्दाला 'तसंच होवो' म्हणतात, आणि त्यांना चेष्टा कळत नाही. मी जन्माची घाबरट. एखादा वाईट विचार नुसता मनात आला तरी मी चोरून भिंतीकडे बघत असे. पुढे पुण्याला भाषाविज्ञान शिकायला गेले तेव्हा मला वाटलं, सुटले. शब्द म्हणजे नुसता आवाज, त्याचा अर्थ माणसांनी आपापसात ठरवलेला असतो, हे मी परीक्षेत चार पानं भरून लिहिलं होतं आणि मार्कही चांगले पडले होते.

घर म्हणजे पुढे तीन खोल्या, मागे पत्र्याची लांबट शेड, आणि शेडमध्ये आईची खानावळ. कॉलेजची तीस-चाळीस मुलं दोन वेळा जेवायला यायची. अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते; सकाळी डबा घेऊन जायचे ते संध्याकाळी ग्रीसचा वास घेऊन यायचे, आणि मधल्या वेळात घर बायकांचं असायचं. भाकऱ्या थापल्याचा आवाज, 'मावशी, इकडं आमटी' अशा हाका, नाशिक-पुणे रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न, आणि गळीत सुरू झालं की साखर कारखान्याचा भोंगा आणि मळीचा आंबूस वास, तो अगदी वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा. मंगळवारी हुलग्याचे शेंगोळे आणि रविवारी मासवडी असायची. मासवडीच्या दिवशी आई पहाटेपासून तीळ-खोबरं भाजायला बसे आणि दुपारी शेवटची पंगत उठल्यावरच स्वतःचं ताट वाढून घेई. शेडमधून घरात चढायला तीन पायऱ्या होत्या. त्यातली मधली आईची. काम करता करता ती तिथे टेकायची, पदरानं तोंड पुसायची, पुन्हा उठायची. त्या वर्षी ती पायरीवर जरा जास्त वेळ बसत होती. मला ते दिसत होतं, पण मी बघत नव्हते.

कारण माझं लक्ष ग्रेसकडे होतं. ग्रेस टांझानियाची. तिकडच्या दक्षिणेतल्या डोंगरात तिचं गाव, आणि ती आमच्याकडे शेतकी शिकायला आलेली. मुलींच्या वसतिगृहात जागा नव्हती म्हणून कॉलेजच्या कोणीतरी आईला विचारलं, आणि आईनं पुढची खोली झाडून दिली. आत्याला 'ग्रेस' हे नाव काही पेललं नाही. तिनं दुसऱ्याच दिवशी गिरिजा केलं, आणि ग्रेसलाही ते आवडलं. सुरुवातीला ती नुसता भात खायची. मग एकदा तिनं मक्याचं पीठ मागितलं, उकळत्या पाण्यात वैरून लाकडी डावानं घोटलं आणि घट्ट गोळा ताटात काढला. आई वाकून बघत म्हणाली, "अगं बया, हे तर आपलं घाटंच की! आमची आजी बाजरीचं करायची." त्या दिवसापासून ग्रेस स्वयंपाकघरातली झाली. मराठी ती पुस्तकातून शिकलीच नाही, आई आणि आत्याकडून शिकली, त्यामुळे कॉलेजातल्या प्राध्यापकांनाही ती 'व्हय जी, लई अवघड हाय' असं बिनदिक्कत सांगायची. वर्गातली मुलं हसायची. तिला कळायचं नाही की का हसतात, आणि आम्हीही सांगितलं नाही.

पुण्याला माझ्यामागे लघुप्रबंधाचा लकडा लागला होता. विषय ठरेना, इतरांची प्रकरणं लिहून होत आली, आणि मला रात्रंदिवस एकच धास्ती की मी नापास होणार आणि आई-अण्णांनी लोकांचं बोलणं ऐकून मला शिकवलं ते वाया जाणार. आमच्या सरांना मी सहज ग्रेसबद्दल सांगितलं. त्यांनी तिच्या भाषेचं नाव दोनदा विचारलं, कपाटात शोधलं आणि म्हणाले, "या भाषेवर मला एक पातळ पुस्तिका सापडेल कदाचित. तीही कुठल्या तरी पाद्र्यानं लिहिलेली. अहो, तुमच्या घरात ही बाई राहते आणि तुम्ही विषय शोधताय? क्रियापदं घ्या. त्या भाषांमध्ये सगळा जीव क्रियापदात असतो." मी सुट्टीला घरी आले ती अण्णांचा टेपरेकॉर्डर ताब्यात घेऊनच बसले. अण्णांच्या कीर्तनाच्या कॅसेटी फडताळात गेल्या.

रोज चार वाजता ग्रेस कॉलेजातून आली की आम्ही देवघराशेजारच्या खोलीत चटई टाकून बसायचो. पद्धत अशी, की मी आधी वाक्य मराठीत म्हणायचं, मग ग्रेसनं ते तिच्या भाषेत म्हणायचं, सावकाश, तीनदा. नंतर मी टेप मागेपुढे करून वहीत उतरवायचं. आणि काय ती क्रियापदं! आपण 'मी तुझ्यासाठी भाकरी केली' म्हणायला चार शब्द खर्च करतो. तिथे 'कोणी', 'कधी', 'कोणासाठी' हे सगळं एका क्रियापदाच्या पोटात बसायचं, पुढे-मागे एकेक तुकडा जोडत. कर्ता वेगळा सांगायची गरजच नसे. 'बसली' म्हटलं की ती अजून बसलेलीच आहे असं कळायचं, आपल्या 'बसलीय'सारखं. हे सापडलं तेव्हा मला वाटेत जुना शेजारी भेटावा तसा आनंद झाला होता. आणि भूतकाळ एक नव्हता. आज सकाळी घडलेल्याचं रूप वेगळं, काल-परवाचं वेगळं, फार पूर्वीचं वेगळं. पण कॅलेंडर बघून ते रूप ठरत नसे. ग्रेसचे वडील ती सहा-सात वर्षांची असताना वारले होते, आणि ते सांगताना ती कालचं रूप वापरायची. मी म्हटलं, हे चूक आहे ना? ती म्हणाली, "चूक न्हाई. लांब गेलं न्हाई आजून, मग लांबचं कसं बोलू?" मी ते वहीत लिहिलं आणि खाली लाल रेघ मारली. सर खूश होतील, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

त्या संध्याकाळी मी 'मरणे' घेतलं. वहीत तक्ता आखलेला होता, 'खाणे', 'जाणे', 'झोपणे' यांचे रकाने भरलेले होते, आणि 'मरणे' मोकळा होता. वाक्य मीच तयार केलं होतं: 'माझी आई मेली'. का? कारण 'माझी आई' हा शब्द आधीच्या सगळ्या वाक्यांत होता. माझी आई जेवली, माझी आई झोपली, माझी आई बाजारात गेली. शास्त्रात असं करतात, एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या. दोन दिवसांनी पुण्याला सरांना तक्ता दाखवायचा होता आणि मला त्या मोकळ्या रकान्याकडे बघवत नव्हतं. दिवेलागण होत आली होती. मी टेप चालू केला आणि म्हटलं, "माझी आई आज सकाळी मेली."

ग्रेसनं वहीतला तो रकाना बघितला. मग म्हणाली, "सुमन, दुसरं घेऊ या का?"

"अगं, वाक्य आहे नुसतं. कोणी खरंच मरतंय का?"

तिनं एकदा दाराकडे बघितलं आणि एकच शब्द बोलली. मला हवं होतं ते रूप त्यात स्पष्ट आलं. मी पुढे गेले. "माझी आई काल मेली." पुन्हा एक शब्द. "माझी आई फार पूर्वी मेली." तेवढ्यात आतून, शेडच्या बाजूनं, आईनं काहीतरी विचारलं. मी चिडून ओरडले, "थांब गं!" कारण टेपवर दुसरा आवाज आला की सर नावं ठेवायचे. आणि मागे वळले तर दारात आत्या, हातात निरांजन, तोंडाचा रंग उडालेला.

"अगं ए भवाने! तिन्हीसांजंचं कुनाला मारती हायेस?"

"आत्या, ग्रेसच्या भाषेतलं वाक्य चाललंय. तिच्या आईचं. नुसतं तक्त्यासाठी."

"तिच्या आईचं? ती बिचारी तिकडं सात समुद्रापल्याड, आन् तू हितं बसून... वास्तू तथास्तु म्हनती, कळतं का तुला?"

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "आत्या, आपल्या वास्तूला आफ्रिकेची भाषा कुठे कळते?"

"वास्तूला समदं कळतं," आत्या म्हणाली. "तुज्या पुस्तकाला न्हाई कळत." आणि ती ज्योतीला हाताचा आडोसा करून देवघरात गेली.

ग्रेसचा भाऊ दर दुसऱ्या रविवारी दुपारी आमच्या घरी फोन करायचा. त्यांच्या गावात फोन नव्हता. तो खालच्या शहरात मोटारस्टँडवर काम करायचा आणि तिथल्या एका दुकानातून लावायचा. ठरलेली वेळ म्हणजे मासवडीची पंगत उठल्यावर. ग्रेस तोंड धुऊन, वेणी घालून फोनपाशी खुर्ची घेऊन बसायची. त्या वाक्यानंतरच्या रविवारी ती अशीच बसली. तीन वाजले, चार वाजले, आईनं तिचं ताट झाकून ठेवलं. फोन आला नाही. "लाइन खराब असंल," अण्णा म्हणाले. पुढच्या रविवारी, ठरलेला नसताना, ती पुन्हा बसली. मी पुण्याहून मुद्दाम आले होते, ती मग घरीच राहिले. मी तिच्याकडे न बघता वर्तमानपत्र वाचत होते, आणि एकही ओळ मला कळत नव्हती. फोन एकदा वाजला, तो अण्णांच्या डेपोतला. दोन दिवसांनी आम्ही बसस्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर जाऊन त्या दुकानाचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहायची, कोणी उचलायचं नाही. काचेच्या आत ग्रेस रिसीव्हर धरून उभी, आणि बाहेर मी. एवढीशी काच, पण मला तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

मी नापास होण्याची भीती विसरले. त्या जागी ही नवी बसली. सकाळी डोळे उघडण्याआधी ती हजर असायची. मी स्वतःला सांगायचे, आवाज आणि अर्थ यांचा संबंध माणसांनी ठरवलेला असतो. मग माझंच मन म्हणायचं, ठरवलेला तर ठरवलेला, भिंतींनीही ठरवला असेल. ग्रेस अभ्यासातून उठून स्वयंपाकघरात कामं करायला लागली होती. आमटीचं मोठं पातेलं ती एकटी उतरवायची, पाण्याच्या कळशा भरायची, आईच्या हातातली परात काढून घ्यायची. मला वाटायचं, बिचारी मन गुंतवतेय. आणि तिचं ते गुपचूप राबणं बघून मी फोनचा रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते बघायचे.

घरात दोन पक्ष पडले होते. आत्याचा पक्ष तथास्तुचा. आईचा पक्ष वेगळा. ती पायरीवर टेकून, कपाळाचा घाम पुसत म्हणायची, "अवो आक्का, मेल्याची खोटी बातमी उठली की मानसाचं आयुष्य वाढतं. म्हातारी शंभर वर्सं जगंल बगा." मी आईकडून असायचे, पण भीती वाटायची ती आत्याच्या पक्षाची. शेवटी आत्यानंच उपाय काढला. तीच जागा, तीच वेळ, तीच भाषा. "जितक्यांदा मेली म्हनलीस, त्याच्या धापट जगती म्हन, गिरिजे." मग रोज दिवेलागणीला आत्या समोर निरांजन ठेवून बसायची आणि मी वाक्यं द्यायचे. आई आत्ता भात शिजवते आहे. आई उद्या शेतात जाईल. पुढच्या पावसात आई मका पेरेल. ग्रेस मान खाली घालून एकेक बोलायची, आणि शेवटी आत्या स्वतः 'तथास्तु' म्हणायची, वास्तूवर विसंबून न राहता. मी टेप चालू ठेवायचे. माझ्या प्रबंधातलं भविष्यकाळाचं प्रकरण, जे सरांना सगळ्यांत आवडलं, ते सगळं या उताऱ्यातून आलेलं आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पाचव्या रविवारी फोन आला. मी घरीच होते. शेडमधली मुलं जेवत होती आणि ग्रेस वाढत होती. तिनं डाव तसाच परातीत टाकला आणि धावली. आम्ही तिघी दारात उभ्या. ती मोठ्यानं बोलत होती, भरभर, आणि मी ऐकत होते, नुसती क्रियापदं, येतील तेवढी पकडत. मग ती हसली. दुकानदारानं दुकान बंद करून गाव सोडलं होतं, भावाचं काम दुसऱ्या शहरात गेलं होतं, एवढंच. आई बरी होती. मका कापत होती. आत्यानं तिथूनच देवाला हात जोडले. मी मोरीत जाऊन, नळ सोडून रडले.

त्या दुपारी मी ग्रेससमोर कान धरले. म्हटलं, मला माफ कर, मी तुला तुझ्या आईबद्दल तसलं बोलायला लावलं. ती माझ्याकडे नवल करून बघत राहिली.

"मी कुटं बोलले? मी आई म्हनलेच न्हाई. नुसतं 'मेली' म्हनले. मनात आमची शेजारीन हुती. म्हातारी. ती मेलेलीच हाय, तिला काय हुतंय?"

मी आधी हसत सुटले. महिनाभराची भीती, आणि ती त्या मेलेल्या शेजारणीच्या नावावर! ग्रेस मात्र हसत नव्हती.

"आमच्याकडं बी असं बोलत न्हाईत, सुमन. तुजं काम अडलं असतं म्हनून मी तसं केलं." मग तिनं शेडकडे बघितलं. "पन तू म्हनलीस. 'माजी आई.' तीनदा. तुज्या भाषेत, तुज्या घरात. मला त्याच दिवशी भ्या वाटलं. मावशीसाटी."

ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "मावशी पायरीवर बसती, तवा उटाया भिंतीला धरती. रोज. तिचं लुगडं म्या दोनदा धुतलं. लई रगत हुतं. मला म्हनली, सुमीला सांगू नगं, तिची परीक्षा हाय."

तर कळशा आणि पातेली यासाठी होती. महिनाभर आम्ही सगळे टांझानियातल्या एका बाईच्या जिवाचा घोर घेऊन बसलो होतो, आणि ही परक्या देशातली पोर आमच्या आईला सांभाळत होती.

मी मागे शेडकडे गेले. आई मधल्या पायरीवर होती. संध्याकाळची कणीक समोर परातीत, हात तिच्यात, पण हात हलत नव्हते. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड नीट पाहिलं. ओठ पांढरे होते, नखं पांढरी होती. "आई, तुला काय होतंय?"

"कुटं काय? बसलीय जरा."

"रक्त जातंय ना?"

तिनं आधी आत्या ऐकतेय का ते बघितलं. मग म्हणाली, "अंगावरनं जातंय जरा जास्ती. बायकांचं आसतंच. थांबंल." किती दिवस, विचारलं. ती बोटं मोजायला लागली आणि मोजता मोजता थांबली. माझा राग अनावर झाला, तिच्यावर, माझ्यावर, त्या घरावर. आमच्याकडे बांगडीसाठी शब्द होता, मिठासाठी होता, दिव्यासाठी होता. बाईच्या दुखण्यासाठी मात्र नव्हता, आणि तो शोधायला मी कधी टेपरेकॉर्डर लावून बसले नव्हते. आत्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती ओरडेल. ती पायऱ्या उतरली, आईच्या हाताची कणीक आपल्या हातानं काढली आणि म्हणाली, "कमल, तू मला सुदिक सांगितलं न्हाईस?"

संगमनेरच्या डॉक्टरीणबाईंनी आईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि आम्हालाच विचारलं, "या चालत आल्या?" गर्भाशयात गाठ होती, अंगात रक्त नव्हतं, आणि आणखी पंधरा दिवस घालवले असते तर, असं म्हणून बाईंनी वाक्य अर्धं सोडलं. ते त्यांनी पुरं केलं नाही याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलं. रक्त लागणार होतं. खानावळीतल्या मुलांना अण्णांनी नुसतं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून मुलं नाशिकला आली. आमटी पातळ आहे म्हणून रोज कुरकुरणारा एक जण सगळ्यांत पुढे होता. निघायच्या सकाळी आई उंबऱ्यात उभी राहिली. तिनं देवघराकडे, शेडकडे, पायरीकडे बघितलं. मी मनात घोकत होते, 'जाते' म्हणू नको, आई, 'जाते' म्हणू नको. भाषाविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होते मी.

"येते वो आक्का," आई म्हणाली.

"ये," आत्या म्हणाली. "तथास्तु."

आई आली. बारा दिवसांनी, टॅक्सीत आडवी होऊन, पण आली. त्या दिवसांत खानावळ ग्रेस आणि आत्यानं चालवली, आणि पोरांनी आठवडाभर मक्याचा घाटा मुकाट्यानं खाल्ला. प्रबंध मी उशिरा दिला, 'मरणे'ची रूपं गाळून. सरांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "'मरणे'चा रकाना कोरा का?" मी म्हटलं, "बोलणारी तयार नव्हती, सर." त्यांना वाटलं मी ग्रेसबद्दल बोलतेय. त्यांनी मार्क कापले.

आई त्यानंतर खूप वर्षं जगली. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, हे तिचंच म्हणणं तिनं खरं केलं. आत्या गेली, अण्णा गेले, शेड पाडून तिथे मोबाईलचं दुकान झालं. मी पोटापाण्यासाठी क्रियापदंच शिकवली आणि आता निवृत्त झाले. आई गेली तेव्हा ग्रेसनं टांझानियातून व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवला. ती आता तिकडच्या शेतकी खात्यातून रिटायर होते आहे. एकच शब्द होता. 'मरणे'च्याच पोटातला, पण मेलेल्या माणसाबद्दलचा नव्हे. ज्याचं माणूस मरतं, ज्याच्यावर ते मरण येऊन पडतं, त्याच्याबद्दलचं ते क्रियापद. मी इतकी वर्षं ते विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्यानं माझ्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. ती एक मी टाळत होते. परवा संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, ऐकली. माझा कोवळा, तोऱ्यातला आवाज: 'माझी आई फार पूर्वी मेली.' आणि त्यावर लगेच, शेडच्या बाजूनं, लांबून पण स्वच्छ: "सुमे, च्या टाकू का गं दोगींला?" मी ओरडते, "थांब गं! मध्ये बोलू नको, टेप चालू आहे!"

आणि आई हसून म्हणते, "बरं बाई. न्हाई बोलत."